बाईंचा तिसरा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक, व्यासपीठावर बसलेले सर्व्हिस विभागाचे प्रमुख, सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान, म्हणजे भूगोलाचे मास्तर, कंपनीत नव्याने रुजू झालेली मंडळी, आणि दाराजवळच्या खुर्च्या अडवून बसलेले आमचे मेकॅनिक, ज्यांना भाषण ऐन रंगात असताना उठून जाण्याचा अधिकार आहे आणि म्हणून ज्यांचा बाकीच्यांना हेवा वाटतो: आपणा सर्वांना नमस्कार.

बाईंच्या निरोप समारंभात बोलण्याची ही माझी तिसरी वेळ. नव्या मंडळींना हे विचित्र वाटेल. बाकीच्यांना सवय झाली आहे. माझ्या मागच्या फलकाकडे नीट पाहिलंत तर तारखेवर एक कागद चिकटवलेला दिसेल, आणि त्या कागदावर आणखी एक. प्रमुख साहेबांचं म्हणणं, फलक चांगला आहे, टाकायचा कशाला? बरोबर आहे. बाईंचा आजवरचा लौकिक पाहता तो आजही सांभाळूनच उतरवावा.

हे असं का झालं, ते थोडक्यात सांगते. आमची कंपनी इमारतींच्या लिफ्ट सांभाळते. लिफ्ट अडली की इमारतीतलं कोणीतरी आमच्या अ‍ॅपवर कळवतं आणि कोणत्या मेकॅनिकला कुठे धाडायचं ते अ‍ॅप ठरवतं. हे ठरवणाऱ्या भागाला आम्ही 'वाटप' म्हणतो. वाटप बाईंनी लिहिलं. ज्याच्याकडे वाटप, त्याच्याकडे एक फोनही असतो. अ‍ॅप काहीतरी भलतंच सांगतंय असं मेकॅनिकला वाटलं की तो त्या फोनवर विचारतो. आमच्यातला सगळ्यात उंच मेकॅनिक, ज्याला सगळे शिडी म्हणतात, तो तर रोजच विचारतो. बाईंचं निवृत्तीचं वय झालं तेव्हा वाटप कोण घेणार, असा प्रश्न आला. मला विचारलं. मी नाही म्हटलं. बाई निरोपाचा पुष्पगुच्छ घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या. पुढच्या वर्षी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. बाई पुन्हा हजर. पुष्पगुच्छ दोन्ही वेळा परत केला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

यात खरा जीव कोणाचा टांगणीला लागला असेल, तर तो मास्तरांचा. मुलीच्या गावी राहायला जायचं म्हणून पहिल्या निरोपानंतर त्यांनी अख्खं घर खोक्यांत भरलं. पुस्तकं, गाद्या, भिंतीवरचे नकाशे, सगळं. तेव्हापासून दोघांचा संसार दोन ताटल्या आणि एक पातेलं यांवर चाललाय. पाहुणा आला तर मास्तर झाकणात जेवतात, असं ऐकून आहे. आज इथे शिरताना त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"पोरी, एवढंच सांग. पातेलं बांधू की नको?"

मी म्हटलं, "भाषण झाल्यावर सांगते."

"म्हणजे अजून ठरलेलंच नाही?"

"नाही."

"मागच्या वेळीही असंच म्हणाली होतीस. मी पडदे काढले होते."

अध्यक्षांनीही मला बजावलंय, की भाषणाच्या शेवटी हो किंवा नाही, एका शब्दात सांगून टाक. शिवाय अध्यक्षांना एका कामात दोन कामं उरकायची सवय असल्यामुळे, नव्या मंडळींच्या माहितीसाठी आपण अ‍ॅपसाठी वापरतो त्या नव्या भाषेचे फायदे-तोटेही याच भाषणात सांगून टाक, असा त्यांचा आदेश आहे. निरोप आणि प्रशिक्षण एकत्र. अध्यक्ष महोदय, मी प्रयत्न करते. सुदैवाने या दोन विषयांचं एकमेकांशी फार जुनं भांडण आहे.

त्या भाषेचं नाव कॉटलिन. बाईंची भाषा जावा. मास्तरांनी पहिल्यांदा ही नावं ऐकली तेव्हा ते खूश झाले, कारण दोन्ही बेटं आहेत. जावा उष्ण कटिबंधातलं मोठं बेट, ज्वालामुखीवालं. कॉटलिन थंड समुद्रातलं एवढंसं. मास्तर बाईंना म्हणाले, "तुझं बेट जगाच्या नकाशात सहज दिसतं. हिच्या बेटावर टाचणी टोचली तर बेटच झाकून जाईल." बाईंना हे इतकं आवडलं, की पुढे कितीतरी दिवस मी काही सुचवलं की त्या नुसतं बोट टाचणीसारखं टेबलावर टेकवायच्या.

बाईंची आणि माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. त्यांनी माझा अर्ज पाहिलाच नाही. विचारलं, "या खोलीत काय काय रिकामं असू शकतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. म्हटलं, "पाण्याचा जग. ती तिसरी खुर्ची. आणि माझ्या अर्जातला अनुभवाचा रकाना."

"जग रिकामा आहे का?"

"उचलून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

"ये सोमवारपासून," बाई म्हणाल्या.

हा प्रश्न वाटतो तितका वेडा नाही, हे नव्यांनी लक्षात घ्यावं. आमच्या धंद्यातली सगळ्यात जास्त दुखणी रिकाम्या गोष्टींमुळे होतात. प्रोग्रामला वाटतं, इथे फोन नंबर असणार. नसतो. प्रोग्राम त्या नसलेल्या नंबराला हात लावायला जातो आणि तोंडावर आपटतो. तुमच्या हातातलं अ‍ॅप एकदम बंद पडतं, ते पुष्कळदा यामुळेच. बाईंनी यावर एक साधा उपाय केला होता. त्यांच्या कोडमध्ये कोणतंही काम सुरू होण्याआधी प्रश्न असतात. इमारत आहे? लिफ्ट आहे? मेकॅनिक आहे? सगळ्यांची उत्तरं 'आहे' आली, तरच पुढे. काही नसेल तर नसल्याचं सांगायचं आणि उभं राहायचं, कोसळायचं नाही. एकेका कामाच्या दारात असे पाच-पाच प्रश्न. मास्तर सांगतात, घरीही हेच. "चहा करतेस का?" म्हटलं, की, "दूध आहे? साखर आहे? तुम्ही घरी आहात?"

मी आले आणि म्हटलं, हे सगळं हाताने कशाला करायचं? अशी भाषा आहे जी हे स्वतःच करते.

तो संवाद मला चांगला आठवतो. नव्या मंडळींना कॉटलिनचा मुख्य गुण समजावण्यासाठी तोच सांगते.

बाई म्हणाल्या, "काय करते तुझी भाषा?"

"एखादी गोष्ट रिकामी असू शकते का, हे आधीच सांगावं लागतं. असू शकत असेल, तर तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लिहायचं. मग तपासल्याशिवाय भाषा त्या गोष्टीला हात लावू देत नाही. प्रोग्राम तयारच होत नाही."

"म्हणजे मी इतकी वर्षं जे करतेय ते."

"हो."

"म्हणजे मीच भाषा आहे."

"हो, पण तुम्हाला सुट्टी लागते."

"मी कधी घेतली गं सुट्टी?"

मास्तर, मान हलवू नका, माझं भाषण मोडतं.

दुसरा गुण, थोडक्यात बोलणं. मेकॅनिक म्हणजे एक नाव, एक फोन, एक विभाग, एवढं यंत्राला समजवायला जावामध्ये पानभर लिहावं लागायचं. कॉटलिनमध्ये एक ओळ. बाई आत्ता बोट वर करताहेत. त्यांचं म्हणणं, की हल्लीच्या जावामध्येही हे थोडक्यात होतं. बरोबर आहे. मी 'लागायचं' असंच म्हटलं होतं, बाई.

तिसरा गुण, वाट पाहणं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाच्या फोनला नेटवर्क कसलं मिळतंय? अ‍ॅप सर्व्हरला काही विचारतं आणि उत्तराची वाट पाहत राहतं. ती पाहत असताना पडदा गोठला, तर मेकॅनिक फोनवर बोटं आपटतो, मग फोनला बोलतो, मग आम्हाला. कॉटलिनमध्ये हे वाट पाहणं साध्या सरळ ओळींत लिहिता येतं. काम थांबून राहतं, पडदा चालत राहतो. जावामध्ये हे होत नाही असं नाही, पण अ‍ॅपसाठी आम्ही ते लिहीत होतो तेव्हा डाव्या हाताने उजवा कान धरल्यासारखं व्हायचं, तोही डोक्यामागून.

चौथा गुण, आणि माझ्या मते सगळ्यात समंजस: ही भाषा जावाबरोबर एकाच घरात राहू शकते. जुनं पाडा आणि मग मला बोलवा, असं ती म्हणत नाही. एक खोली जुनी, एक नवी, मधे दार. म्हणून आम्ही सगळं अ‍ॅप हळूहळू कॉटलिनमध्ये नेलं आणि वाटप मात्र जावातच राहिलं. बाईंनी त्याला कोणाला हात लावू दिला नाही.

आता तोटे. इथे बाईंचा चेहरा खुलला आहे, हे मागच्या रांगांनाही दिसत असेल.

पहिला तोटा, आंघोळ. हा शब्द माझा नाही. आपण लिहिलेलं यंत्राला समजेल अशा रूपात उतरवावं लागतं, ते काम कंपायलर करतो, आणि आमच्याकडे कॉटलिनचा कंपायलर जावापेक्षा निवांत चालतो. मी बटण दाबून बसायची. बाई तेवढ्यात चहा पिऊन, कप विसळून, माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या. "झाली का गं तुझ्या राणीसाहेबांची आंघोळ?" आता तो बराच सुधारला आहे. बाईंचा चहाही कमी झाला आहे, त्याचं श्रेय डॉक्टरांना.

दुसरा तोटा, एकच गोष्ट सांगायच्या फार तऱ्हा. लेट, रन, अप्लाय, ऑल्सो, विथ अशा पाच सोयी आहेत, पाच बहिणींसारख्या. तोंडवळा एक, स्वभाव थोडेथोडे वेगळे. हुशार माणसं त्या एकीत एक गुंफून अशी ओळ लिहितात की लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या आठवड्यात ओळख पटत नाही. थोडक्यात बोलता येतं म्हणून कोड्यात बोलू नये, एवढंच नव्यांना सांगते.

तिसरा तोटा अध्यक्षांच्या परवानगीने सांगते. म्हणजे परवानगी मी मागितलेली नाही, पण ते हसताहेत.

जावाचा कोड एका बटणासरशी कॉटलिनमध्ये बदलून देण्याची सोय आहे. अध्यक्ष एका परिषदेहून हे ऐकून आले. त्या दिवशी बाई आणि मी एका इमारतीत गेलो होतो, तिथली लिफ्ट आमच्या अ‍ॅपच्या मते अस्तित्वातच नव्हती आणि माणसं तर तिच्यातून वरखाली करत होती. इकडे अध्यक्ष मूळचे इंजिनियर. त्यांचा हात शिवशिवला. त्यांनी लिफ्टची माहिती दाखवणारा एक छोटा भाग उघडला आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत सगळं बदललं. प्रोग्राम तयार झाला, चालला. अध्यक्षांना वाटलं, ही मुलगी आणि ही बाई इतके महिने भांडताहेत कशासाठी? दुसऱ्या दिवशी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईक इमारतीच्या सेक्रेटरी बाई आल्या होत्या. अध्यक्षांनी त्यांनाच नवं अ‍ॅप हातात दिलं. "उघडा तुमची इमारत," म्हणाले.

उघडली. पहिली लिफ्ट दिसली. दुसरी दिसली. तिसरीवर बोट ठेवलं आणि अ‍ॅप बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद.

सेक्रेटरी बाई शांतपणे म्हणाल्या, "आमची लिफ्टसुद्धा अगदी असंच करते."

झालं होतं काय? ती लिफ्ट नवी कोरी होती. तिची कधी सर्व्हिसिंग झालीच नव्हती, म्हणून शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख रिकामी. बाईंच्या कोडला हे ठाऊक होतं. तारीख नसेल तर 'अजून नाही' असं दाखवायचं. पण ती तपासणी बाईंनी स्वतःच्या पद्धतीने, वेगळ्या ठिकाणी लिहिली होती. बदलणाऱ्या यंत्राला ती तपासणी आहे हे ओळखताच आलं नाही. त्याने ठरवून टाकलं, तारीख म्हणजे असणारच, प्रश्नचिन्ह कशाला? आणि कॉटलिन शब्दाची पक्की. असणारच म्हणालात ना, मग मी दारातच बघते. जुन्या खोलीतून रिकामी तारीख आली, दारावरच अडवली गेली, अ‍ॅप कोसळलं. बाईंचा प्रश्न आत बिचारा वाट पाहत बसला होता. त्याच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही.

आम्ही परतलो तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "भाषेत काहीतरी दोष दिसतो."

बाई म्हणाल्या, "भाषेत नाही. ती जे सांगितलं ते करते. सांगितलं कोणी?"

त्या दिवशी पहिल्यांदा बाई माझ्या भाषेच्या बाजूने बोलल्या. मी ते कोणाला सांगितलं नाही. आज सांगितलं.

यातूनच चौथा तोटा निघतो, आणि मी वाटप का घेत नव्हते हेही. कॉटलिन स्वतःच्या खोलीत अतिशय दक्ष आहे. पण जावाच्या खोलीतून जे येतं, त्याबद्दल तिला काही माहीत नसतं. ते रिकामं आहे की भरलेलं, हे विचारायचा आग्रह ती तिथे धरत नाही. तुम्ही बघा, तुमची जबाबदारी, म्हणून बाजूला होते. म्हणजे धोका ना जुन्या खोलीत, ना नव्या. धोका मधल्या दारात. आणि वाटपातून निघणारी प्रत्येक गोष्ट त्याच दारातून येते. कोणता मेकॅनिक, कोणती इमारत, आत अडकलेलं कोणी आहे की नाही. यातलं काय केव्हा रिकामं असू शकतं, हे फक्त बाईंना माहीत होतं. मला ते माहीत नव्हतं. जे मला माहीत नाही त्याच्यावर माणसं लिफ्टमध्ये अडकलेली असताना 'हो' कसं म्हणायचं? पहिल्या निरोपाला मी नाही म्हटलं ते यासाठी. अनेकांना तो उद्धटपणा वाटला. माझ्या आईलासुद्धा. ती म्हणाली, "अगं, एवढ्या मोठ्या बाई काम सोपवताहेत, हो म्हणून टाकायचं, मग बघता आलं असतं." मला 'मग बघू' जमत नाही. माझ्यामागे मला ऑफिसात फूटपट्टी म्हणतात, ते मला माहीत आहे. आपल्या भिंती पातळ आहेत.

दुसऱ्या निरोपाला नाही म्हटलं तेव्हा मात्र बाई चिडल्या.

"अगं, शिकवते ना मी तुला!"

"तुम्ही सांगाल ते मला कळेल. तुम्ही सांगायचं विसराल त्याचं काय?"

"मी विसरत नाही."

"मग वाटप आणखी कोणाला द्यायची गरजच नाही."

बाई उठून गेल्या. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात मी वेळेवर घरी जात होते, तरी घरी बरं वाटत नव्हतं. असो.

नंतर त्या बोलायला लागल्या, पण कामात काहीतरी लपवत असल्यासारख्या. मी जवळ गेले की पडदा बदलायच्या. मला वाटलं, मुलीच्या गावची घरं बघत असतील. मास्तरांनाही तसंच वाटलं होतं, त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या घरी पुस्तक घेऊन बसायच्या आणि मास्तर मागून डोकावले की वर उशी ठेवायच्या. मास्तर म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको लपवून काय वाचते म्हणून मी हादरलो. उशी उचलली तर काय? हिची भाषा!"

बाई कॉटलिन शिकत होत्या.

वाटप बदलायला नाही. एक ओळसुद्धा त्यांनी बदलली नाही. जावामध्ये अशी सोय आहे की दारातून बाहेर जाणाऱ्या एखाद्या गोष्टीवर खूण करता येते: ही रिकामी असू शकते, किंवा ही कधीच रिकामी नसते. जावाला स्वतःला त्या खुणेचं फारसं काही नाही. पण कॉटलिन ती खूण वाचते. बाईंनी कॉटलिन शिकून ती नेमकं काय वाचते आणि काय नाही हे आधी पक्कं केलं, आणि मग वाटपाच्या दारातून निघणाऱ्या एकूणएक गोष्टीवर आठवून आठवून खूण केली. वर्षभर. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला सांगितलंही नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांनी ते सगळं अ‍ॅपमध्ये घातलं आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "चालव बघू तुझ्या राणीला."

चालवलं. माझ्या स्वच्छ कोडवर गोवर उठल्यासारख्या लाल रेघा उठल्या. जिथे जिथे मी एखादी गोष्ट असणारच असं धरून चालले होते आणि ती नसू शकत होती, तिथे तिथे माझीच भाषा मला अडवत होती.

बाई म्हणाल्या, "मी काय काय सांगायचं विसरेन म्हणत होतीस ना? घे. आता तीच तुला विचारेल."

मी त्या रेघा एकेक करून काढल्या. बाई शेजारी बसल्या होत्या, पण बोलल्या नाहीत. बोलायची गरज राहिली नव्हती. बाईंना माहीत असलेलं सगळं माझ्या भाषेला माहीत झालं होतं.

तेव्हा आता सरळ सांगायला हवं. मी नाही म्हणण्याचं कारण संपलं आहे. गेल्या महिन्यातच संपलं. अध्यक्षांनी त्यानंतर दोनदा विचारलं, मी म्हटलं, बघते. 'बघते' हे उत्तर नव्हे, हे मीच सगळ्यांना शिकवते. पण अडचण अशी आहे, की मी हो म्हटलं की बाई जाणार. ही अडचण तांत्रिक स्वरूपाची नसल्यामुळे मी ती कुठल्याही बैठकीत मांडलेली नाही. ती सोडवायची कशी, हेही मला...

क्षमा करा. फोन वाजतोय. कोणाचा आहे? बाई, तुमचाच. म्हणजे, वाटपाचा. नाही, उठू नका. मास्तर, यांना धरा जरा. बाई, बसा म्हणते ना. द्या इकडे तो. प्रमुख साहेब, जरा पुढे करता? आभारी आहे.

हॅलो. हो, वाटपच. कोण, शिडी? बोल. हळू, इथे माईक आहे. नाही रे, शिव्या नको, अध्यक्ष बसलेत. बरं. इमारत दिसते, लिफ्टचा नंबर दिसत नाही. अ‍ॅप बंद पडलं का? नाही ना? काय लिहिलंय? 'लिफ्टची नोंद नाही.' ठीक आहे, त्याला माहीत नाही आणि तसं ते सांगतंय. ते सोड. आधी सांग, आत कोणी आहे का? नक्की? हाक मारलीस? दार वाजवून बघ. मी थांबते.

सभागृहाने कृपया थोडा वेळ शांत राहावं.

हं. कोणी नाही. छान. आता इमारतीच्या मागच्या बाजूला जा. सामान चढवायची नवी लिफ्ट बसवलीय का? तीच असणार. तिचंही दार आधी वाजवून बघ. तक्रार तिचीच आहे, आपल्या नोंदीत ती अजून आलेली नाही. तू कामाला लाग, मी नोंद घालते. हो, आजच. काय? बाईंना कशाला? अरे, इथेच आहेत. समोर बसल्यात, हात पुढे करून. तरी नाही देता येणार. नाही. बाई निवृत्त झाल्या. केव्हा म्हणजे? आत्ता. हो. यापुढे मी. हो, रोज मीच. रविवारीसुद्धा. तुला काय, मला इमारती माहीत नाहीत असं वाटतं? बरं, वाटू दे. विचारत जा. ठेव आता.

अध्यक्ष महोदय, उत्तर एका शब्दात द्यायचं ठरलं होतं. थोडे जास्त शब्द झाले.

टाळ्या नंतर. एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे उद्या कोणाचा हात शिवशिवायला नको. वाटप जावामध्येच राहील. ते चालतं, आणि ते का चालतं हे आता दोन्ही बाजूंना कळतं. कधीतरी ते कॉटलिनमध्ये आणावं लागेल; त्या वेळी ते हाताने, ओळ वाचून, समजून आणू. बटणाने नाही. अध्यक्ष मान डोलावताहेत, हे सभागृहाने पाहिलेलं आहे.

बाई, तुमच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणून मला उभं केलं होतं आणि मी बराच वेळ भाषेबद्दलच बोलले. दुसऱ्या निरोपाच्या वेळी मी तुमच्या कार्यकुशलतेबद्दल, शिस्तीबद्दल आणि मार्गदर्शनाबद्दल बोलले होते. तुम्ही नंतर म्हणालात, "छान बोललीस, कोणाबद्दल होतं?" म्हणून या वेळी ते गाळलं. मुलीच्या गावी जा. तिथे नात आहे, ती तुम्हाला दिवसभर प्रश्न विचारील, आता तुमची पाळी उत्तरं द्यायची. इकडची काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही, तुम्ही करणारच. फक्त फोन करू नका. निदान पहिला आठवडा. रडताय का? नाही? बरं. मीही नाही.

समारंभ घडवून आणल्याबद्दल प्रमुख साहेबांचे, तिसऱ्यांदाही तितक्याच गंभीरपणे अध्यक्षपद भूषवल्याबद्दल अध्यक्षांचे, धीर न सोडल्याबद्दल मास्तरांचे, आणि मधेच फोन आला तेव्हा कुजबुज थांबवून माझं बोलणं मला ऐकू येऊ दिल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. कामात काही चुकलं तर मात्र सांभाळून घेऊ नका, मला फोन करा. नंबर तोच आहे.